सेमी ट्रक मोटरहोम म्हणून रजिस्टर करायचा तर आधी कायदा वाचा, मग ट्रक घ्या

अठरा-वीस हजार पौंडांचा फिफ्थ व्हील, म्हणजे ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या भागावर टेकवून जोडायचा राहण्याचा ट्रेलर घेऊन अमेरिका फिरायची ठरली की ओढणारी गाडी कोणती घ्यायची, हा प्रश्न आधी येतो. ड्युअली, म्हणजे मागे दोन्ही बाजूंना दुहेरी चाकं असलेला पिकअप तेवढं वजन ओढतो खरा, पण रॉकी पर्वतातल्या सहा-सात टक्क्यांच्या लांब उतारावर तेच वजन थोपवून धरताना त्याचे ब्रेक मेटाकुटीला येतात. म्हणून जाणकार मंडळी वापरलेल्या क्लास ८, म्हणजे सर्वांत अवजड वर्गातल्या सेमी ट्रककडे वळतात: व्होल्वो व्हीएनएल, फ्रेटलायनर कॅस्केडिया, केनवर्थ टी६८०. एअर ब्रेक, इंजिन ब्रेक, सीटच्या मागे ऐसपैस स्लीपर, म्हणजे झोपायची खोली, आणि किंमत बहुतेक वेळा नव्या ड्युअलीहून कमी.

टायटलवर, म्हणजे मालकीच्या दाखल्यावर, या गाडीची नोंद 'ट्रक ट्रॅक्टर' अशी असते. ती तशीच ठेवली तर व्यावसायिक वाहतुकीचं सगळं लटांबर मागे लागतं. तीन ॲक्सलचा किंवा २६,००० पौंडांवरचा ट्रक राज्याची हद्द ओलांडणार असेल तर आयआरपी या आंतरराज्य नोंदणी कराराच्या प्लेट्स आणि आयएफटीए या इंधनकर कराराचा तिमाही कर आला. शिवाय कमर्शियल इन्शुरन्स आणि काही राज्यांत वार्षिक तपासणी. टेक्ससने १ जानेवारी २०२५ पासून खासगी वाहनांची सुरक्षा तपासणी बंद केली, पण कमर्शियल वाहनांची चालू ठेवली. मोटरहोम म्हणून नोंद झाली की आयआरपी आणि आयएफटीए या दोन्हींतून गाडी सुटते, कारण दोन्ही करारांत खासगी करमणुकीची वाहनं वगळलेली आहेत. टोल मात्र ॲक्सल मोजूनच घेतात, तिथे टायटल कोणी विचारत नाही.

या कामात क्रमाला फार महत्त्व आहे. आधी राज्य ठरवा, मग इन्शुरन्स, मग ट्रक, मग आतलं बांधकाम आणि शेवटी टायटल. बहुतेक जण नेमके उलट जातात. ट्रक स्वस्तात मिळतो म्हणून उचलतात, आतून मनासारखा सजवतात आणि मग रजिस्ट्रेशनच्या काउंटरवर कळतं की आपल्या राज्याला हवी असलेली एक वस्तू बसवलेलीच नाही, किंवा बसवली आहे पण ती उचलून बाहेर ठेवता येते.

मोटरहोम कशाला म्हणायचं

केंद्र सरकारची, म्हणजे फेडरल व्याख्या नियमसंहितेच्या ४९ सीएफआर ५७१.३ मध्ये आहे. तात्पुरत्या निवासासाठी बनवलेलं, स्वतःचं इंजिन असलेलं वाहन, आणि त्यात सहांपैकी किमान चार सोयी: स्वयंपाकाची सोय, फ्रिज किंवा बर्फाची पेटी, स्वयंपूर्ण शौचालय, हीटिंग किंवा एअर कंडिशनिंग, नळ आणि सिंकसह पिण्याच्या पाण्याची व्यवस्था, आणि ११० ते १२५ व्होल्टचा स्वतंत्र वीजपुरवठा किंवा प्रोपेन. हा नियम मुळात वाहन उत्पादकांसाठी आहे. रजिस्ट्रेशन राज्य करतं आणि प्रत्येक राज्य आपापली व्याख्या लावतं. अनेक राज्यांनी हीच सहांची यादी उचलली आहे, काहींनी तीत शब्द घातले आहेत. त्यांतला एक शब्द फार महाग पडतो: हीटिंग किंवा एसी 'वाहनाच्या इंजिनापासून वेगळा' हवा. ट्रकचा मूळ एसी इंजिनावर चालतो, त्यामुळे अशा राज्यात तो धरत नाहीत.

कॅलिफोर्नियाची पद्धत वेगळी. तिथल्या व्हेइकल कोडच्या कलम ३६२ मध्ये 'हाउस कार' आहे: माणसांच्या राहण्यासाठी मुळातच बनवलेलं किंवा कायमस्वरूपी बदल करून सज्ज केलेलं वाहन. वस्तूंची संख्या तिथे सांगितलेली नाही, 'कायमस्वरूपी' या अटीवर सगळा भर आहे.

म्हणून पहिलं काम म्हणजे आपल्या राज्याच्या कायद्यातली व्याख्या शब्दशः छापून घेणं. फोनवर कोणी सांगितलेलं, दुसऱ्या राज्यातल्या मित्राचं चाललेलं, हे सगळं त्या छापील पानापुढे गौण आहे.

भारतातून वाचणाऱ्यांनी हा मार्ग तसाच उचलू नये. तिथे मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आडवं येतं: उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. मोटर कॅरॅव्हॅनसाठी तिथे एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. वापरलेल्या ट्रकमध्ये घरी फर्निचर बसवून आरटीओत जाणं हा तिथला रस्ता नव्हे.

स्लीपरमध्ये सहा गोष्टी कशा बसवायच्या

व्हीएनएल ६७० चा स्लीपर ६१ इंचांचा आणि ७८० चा ७७ इंचांचा. कागदावर सोळा इंच किरकोळ वाटतात, पण सिंक आणि शौचालय दोन्ही बसवायचं तर ७७ इंचीच घ्या. चार सोयींवर कायदा भागत असला तरी माझं ठाम मत आहे की पाच तरी बसवाव्यात. एखादी गोष्ट काउंटरवर नाकारली गेली तर उरलेल्या चार पुरतात.

वीज सगळ्यात आधी, कारण बाकी निम्म्या गोष्टी तिच्यावर चालतात. बाहेरच्या बाजूला ३० अँपिअरचा टीटी-३० पद्धतीचा शोअर पॉवर इनलेट, म्हणजे बाहेरून वीज घ्यायचं सॉकेट, आत ब्रेकरची पेटी, वीज गळली की पुरवठा तोडणारा जीएफसीआय आउटलेट आणि त्यामागे इन्व्हर्टर-चार्जर. काही ट्रकना कारखान्यातूनच इंजिन गरम ठेवणाऱ्या ब्लॉक हीटरसाठी प्लग असतो. तो फक्त हीटरला वीज देतो, राहण्याच्या जागेला नाही, म्हणून तो दाखवून भागत नाही. इंडक्शन शेगडी १,८०० वॉटची असेल तर १२० व्होल्टवर १५ अँपिअर ओढते. तीच बॅटरीवरून इन्व्हर्टरमार्फत चालवली तर १२ व्होल्टच्या बाजूला १६५ अँपिअरच्या आसपास करंट वाहतो. त्यासाठी २/० गेजची केबल, २५० अँपिअरचा क्लास-टी फ्यूज आणि तो फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. ट्रकच्या मूळ बॅटऱ्यांवर हा भार टाकू नका, सकाळी इंजिन उठणार नाही. घरासाठी वेगळी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या आणि अल्टरनेटर व तिच्यामध्ये डीसी-डीसी चार्जर बसवा. तो न बसवता थेट जोडली तर रिकामी लिथियम बॅटरी अल्टरनेटरवर पूर्ण भार टाकते आणि अल्टरनेटर तापून जळतो.

आणखी एक चूक वारंवार होते, ती न्यूट्रल आणि ग्राउंडच्या जोडणीची. शोअर पॉवरवर असताना गाडीच्या पेटीत न्यूट्रल आणि ग्राउंड एकमेकांना जोडलेले चालत नाहीत, इन्व्हर्टरवर असताना मात्र ते जोडलेले हवेत. चांगल्या इन्व्हर्टर-चार्जरमधला ट्रान्सफर रिले हे आपोआप करतो. स्वस्त इन्व्हर्टर आणि हाताने जोडलेली पेटी असेल तर आरव्ही पार्कच्या, म्हणजे करमणुकीच्या गाड्यांच्या मुक्कामाच्या जागेच्या, खांबावरचा जीएफसीआय प्लग लावताक्षणी ट्रिप होतो. वायरिंगसाठी एनईसी या अमेरिकेच्या वीजसंहितेचं आर्टिकल ५५१ हे आरव्हीचं प्रकरण आहे. इलेक्ट्रिशियनला तेच समोर ठेवून काम करायला सांगा, घराच्या सवयीने नको.

स्वयंपाकासाठी इंडक्शन शेगडी ओट्यात कापून, खालून स्क्रूने आवळून बसवा. ओट्यावर नुसती ठेवलेली शेगडी म्हणजे सामान. प्रोपेन वापरायचा मोह होतो, पण स्लीपरमध्ये तो टाळावा असं मला वाटतं. टाकी राहण्याच्या जागेत ठेवता येत नाही, बाहेर हवा खेळणाऱ्या कप्प्यात हवी, आणि ट्रकच्या चॅसीवर इंधनटाक्या, एअर टँक, एक्झॉस्ट यांच्या गर्दीत तशी जागा शोधणं फार जिकिरीचं असतं. फ्रिज १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला घ्या. स्लीपरमध्ये तो अनेकदा आधीच असतो. असेल तर तो ब्रॅकेटने पक्का बसवलेला आहे याचा फोटो घ्या.

हीटिंगचं काम बहुतेक ट्रकमध्ये झालेलंच असतं. लांब पल्ल्याच्या ट्रकच्या बंकखाली, म्हणजे झोपायच्या फळीखाली, वेबास्टो किंवा एस्पारचा डिझेल हीटर असतो. तो इंजिन बंद असताना ट्रकच्या टाकीतलं डिझेल घेऊन चालतो, त्यामुळे 'इंजिनापासून वेगळा' ही अट तिथेच पूर्ण होते. फक्त त्याच्या एक्झॉस्टचा पाइप गाडीखाली गळत नाही ना ते पाहा, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवल्याशिवाय त्यात एक रात्रही झोपू नका.

पाण्यासाठी बंकखाली पाच ते दहा गॅलनची टाकी, १२ व्होल्टचा पंप, सिंक, नळ आणि सांडपाण्याची वेगळी टाकी. नुसता कॅन आणि हातपंप ठेवला तर 'व्यवस्था' म्हणून तो धरतील याची खात्री नाही. टाकी बाहेरच्या भिंतीला चिकटून ठेवली तर पहिल्याच थंडीत गोठते. ती हीटरच्या हवेच्या मार्गात ठेवा.

शौचालयावरून सर्वांत जास्त वाद होतात. सुटा पोर्टा-पॉटी काही ठिकाणी चालतो, काही ठिकाणी नाही. खाली ब्रॅकेट लावून बोल्ट केलेला असेल तर बाजू बळकट होते. कॅसेट टॉयलेट सर्वांत निर्विवाद, पण मैल्याची टाकी, म्हणजे कॅसेट, बाहेर काढायला स्लीपरच्या भिंतीत दार कापावं लागतं. भोक पाडण्याआधी त्या भिंतीतला सांगाडा कुठून जातो ते समजून घ्या, आडवा पट्टा कापला गेला तर भिंत थरथरायला लागते. शौचालयाचा एक वेगळा फायदाही आहे. गाडी कर्जावर घेतली आणि तीच तारण असेल, तर तिचं व्याज दुसऱ्या घराच्या व्याजासारखं धरण्यासाठी आयआरएस या फेडरल कर खात्याला झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय हवी असते.

ट्रक निवडताना

१६,००० पौंडांवरच्या वाहनांना फेडरल ओडोमीटर डिस्क्लोजरमधून, म्हणजे चाललेले मैल जाहीर करण्याच्या नियमातून, सूट आहे, त्यामुळे टायटलवर बहुधा 'एक्झेम्प्ट' लिहिलेलं असतं. म्हणून खरेदीआधी इंजिनच्या ईसीएमची, म्हणजे संगणकाची, प्रिंट मागा: एकूण मैल, एकूण तास, आयडलचे तास आणि साठलेले फॉल्ट कोड. डीपीएफ किंवा एससीआर ही धूर स्वच्छ करणारी यंत्रणा काढून टाकलेला, म्हणजे 'डिलीट' केलेला ट्रक स्वस्त मिळतो. तो घेऊ नका. क्लीन एअर ॲक्टखाली ते बेकायदा आहे आणि मोटरहोम झाल्याने ते माफ होत नाही.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांसाठी ही बाब जास्त महत्त्वाची. तिथल्या ट्रक अँड बस नियमाने जुन्या डिझेल इंजिनांना रस्ता बंद केला, पण खासगी वापराची मोटरहोम त्यातून वगळली. त्यामुळे २०१० पूर्वीचं इंजिन असलेला ट्रक तिथे हाउस कार झाल्यावरच नोंदवता येतो. पण क्लीन ट्रक चेक नावाची धूरतपासणी १४,००० पौंडांवरच्या, कॅलिफोर्नियात नोंदलेल्या डिझेल मोटरहोमलाही लागू आहे. बाहेरच्या राज्यात नोंदलेली मोटरहोम तिच्यातून सुटलेली आहेत.

बरेच जण ट्रक 'सिंगल' करून घेतात, म्हणजे मागच्या दोन ड्राइव्ह ॲक्सलपैकी एक काढून टाकतात. वजन घटतं, दोन टायरच्या जोड्या वाचतात, टोल कमी होतो, गाडी आखूड करता येते. पण १२,००० पौंडांचा पुढचा आणि ४०,००० पौंडांचा मागचा टँडम, म्हणजे जोड-ॲक्सल, मिळून जो ५२,००० चा हिशेब होता, तो १२,००० अधिक २०,००० म्हणजे ३२,००० वर येतो. दारावरच्या कारखान्याच्या स्टिकरवर मात्र जुनाच आकडा राहतो. काउंटरवर स्टिकर आणि वजनाची पावती यांत मेळ नसल्याचं लक्षात येतं, म्हणून वर्कशॉपकडून कोणता ॲक्सल काढला, व्हीलबेस किती झाला, हे लिहिलेलं सही-शिक्क्याचं बिल घ्या. पुढच्या ड्राइव्ह ॲक्सलमध्ये दोन्ही ॲक्सलना ताकद वाटून देणारा पॉवर डिव्हायडर असतो. कोणता ॲक्सल ठेवणार यावर ड्राइव्हशाफ्टचं काम ठरतं, आणि शाफ्टचा कोन चुकला तर ताशी ५५ मैलांच्या पुढे गाडी कंप पावते.

हिचकडेही, म्हणजे ट्रेलर जोडायच्या सांध्याकडेही, लक्ष हवं. ट्रकवरचा मालवाहतुकीचा सांधा, त्यालाही फिफ्थ व्हीलच म्हणतात, पुढे-मागेच झुकतो. आरव्ही ट्रेलरची पुढची चौकट त्या मानाने नाजूक असते आणि उंचसखल जागी ती पिळवटली जाते. म्हणून चारही दिशांना झुकणारा, एअरबॅगवर तरंगणारा हिच बसवतात. ट्रेलरचे ब्रेक इलेक्ट्रिक असतात, ट्रकचा प्लग जे५६० पद्धतीचा असतो आणि त्यात ब्रेकलाइट व इंडिकेटर वेगवेगळ्या तारांवर असतात, आरव्हीच्या सात पिनांच्या प्लगमध्ये ते एकाच तारेवर. मध्ये कन्व्हर्टर लागतोच.

वजनाची पावती

कॅट स्केल या ट्रकच्या वजनकाट्यावर दोनदा वजन करा: एकदा नुसता ट्रक, एकदा ट्रेलर जोडून. समजा नुसता ट्रक १८,४०० पौंड भरला. जोडल्यावर ट्रकच्या ॲक्सलवर २२,८०० आणि ट्रेलरच्या ॲक्सलवर १५,६०० आले. तर पिनवर, म्हणजे ट्रेलर ट्रकवर टेकतो त्या खुंटीवर, ४,४०० पौंड बसतात, ट्रेलर २०,००० पौंडांचा, पिनचं प्रमाण २२ टक्के, आणि पूर्ण जोडी ३८,४०० पौंड. ही पावती तीन ठिकाणी कामाला येते: टायटलवरचं रिकामं वजन, लायसन्सचा वर्ग आणि फॉर्म २२९०.

फॉर्म २२९० हा अवजड वाहनांचा फेडरल रस्ताकर. तो ५५,००० पौंडांपासून सुरू होतो: १०० डॉलर, मग प्रत्येक हजार पौंडांमागे २२ डॉलर, जास्तीत जास्त ५५०. करासाठीचं वजन म्हणजे ट्रक, नेहमीचा ट्रेलर आणि नेहमीचं सामान यांची बेरीज. वरच्या उदाहरणातली गाडी त्या रेषेच्या बरीच खाली आहे. तरी अडकायला होतं, कारण आधीच्या मालकाने तोच ट्रक ८०,००० पौंडांना नोंदवलेला असतो आणि संगणकात तो आकडा दिसला की शिक्का मारलेलं शेड्युल १, म्हणजे हा कर भरल्याचा पुरावा, मागतात. वजनाची पावती पुढे करा आणि घोषित वजन नव्याने लिहून घ्या.

काउंटरवर

टेक्ससमध्ये हे काम काउंटीच्या टॅक्स असेसर-कलेक्टरकडे होतं आणि अर्ज १३०-यू. साउथ डकोटात काउंटी ट्रेझररकडे. कॅलिफोर्नियात डीएमव्ही या मोटार वाहन खात्याकडे: आरईजी ३४३ हा अर्ज, आरईजी ३१ ही गाडीची प्रत्यक्ष पडताळणी, आणि आरईजी २५६ मधला बॉडी बदलल्याच्या निवेदनाचा भाग, सोबत परवानाधारक वेमास्टरचं, म्हणजे काटेवाल्याचं, वजनाचं प्रमाणपत्र. जुन्या कमर्शियल प्लेट्स परत द्याव्या लागतात. टायटल बँकेकडे असेल तर आधी बँकेची लेखी संमती घ्या.

फॉर्म कोणताही असो, सोबतची फाइल बांधकाम चालू असतानाच तयार करा. चारही बाजूंनी ट्रकचे फोटो, व्हीआयएन या गाडीच्या ओळख क्रमांकाच्या पट्टीचा, दारावरच्या स्टिकरचा. प्रत्येक सोयीचे दोन फोटो: एक जवळून, बोल्ट दिसतील असा, आणि एक लांबून, आजूबाजूचा स्लीपर ओळखू येईल असा. नुसता सिंकचा फोटो कोणत्याही स्वयंपाकघरातला असू शकतो. सामानाच्या पावत्या तारखेनुसार. नोटरीसमोर केलेलं एक पानी प्रतिज्ञापत्र: बदल कोणते केले, ते कायमस्वरूपी आहेत, गाडी फक्त खासगी वापरासाठी आहे. आणि सगळ्यात वर राज्याच्या व्याख्येचं पान, त्यातल्या प्रत्येक सोयीपुढे फोटोचा क्रमांक लिहिलेला.

क्लार्क व्हीआयएन टाइप करतो आणि पडद्यावर 'ट्रक ट्रॅक्टर' उमटतं. व्हीआयएन बदलत नसतो, त्यामुळे ते उमटणारच. बॉडी स्टाइलचा रकाना मात्र अर्जावरून बदलता येतो. नकार मिळाला तर आवाज न चढवता नकाराचं कारण विचारा, ते लिहून घ्या आणि राज्याच्या टायटल विभागाकडे लेखी विचारणा करा. त्यांचं उत्तर घेऊन त्याच खिडकीवर परत जाता येतं. नवीन टायटल हातात आल्यावर खिडकी सोडण्याआधी वाचा: बॉडी 'एमएच' (मोटरहोम), वापर खासगी, वजन पावतीप्रमाणे, आणि 'रीबिल्ट' (मोडलेली गाडी पुन्हा बांधलेली) असा शेरा चुकून पडलेला नाही ना. तो शेरा नंतर पुसायला महिने जातात आणि विकताना किंमत पडते.

इन्शुरन्स याआधीच झालेला हवा. ट्रक घेण्यापूर्वीच एजंटला व्हीआयएन देऊन ई-मेलवर लिहून घ्या की टायटल मोटरहोमचं झाल्यावर ते मोटरहोमची खासगी पॉलिसी देतील आणि ट्रेलर ओढण्याची जबाबदारी तीत धरतील. बऱ्याच कंपन्यांच्या संगणकात हा व्हीआयएन ट्रक म्हणूनच येतो आणि त्या थेट नाही म्हणतात. अशा गाड्यांचं काम करणारे मोजकेच एजंट आहेत, ते शोधा. बांधकाम चालू असतानाच्या काळात गाडी अजून ट्रकच असते, तेव्हा त्या काळापुरतं वेगळं संरक्षण घ्या.

मोटरहोम झाल्यावर जे हातचं जातं

हा भाग फार कमी जणांना माहीत असतो. १९८२ च्या सरफेस ट्रान्सपोर्टेशन असिस्टन्स ॲक्टनुसार, राष्ट्रीय महामार्ग जाळ्यावर ट्रॅक्टर आणि सेमीट्रेलरच्या जोडीच्या एकूण लांबीवर राज्यांना मर्यादा घालता येत नाही. ही सवलत व्यावसायिक वाहनांना आहे. गाडी मोटरहोम झाली की ती या सवलतीतून बाहेर पडते आणि राज्याची सर्वसाधारण मर्यादा लागू होते. कॅलिफोर्निया आणि टेक्सस दोन्हीकडे जोडीला ६५ फूट. ७७ इंची स्लीपरचा तीन ॲक्सलचा ट्रक २६ ते २८ फूट भरतो. त्याला ४२ फुटी ट्रेलर जोडला आणि हिचवर चार फूट एकमेकांत गेले, तरी बेरीज ६५ च्या आसपास येते. मागे छोटी कार ठेवायला डेक लांबवला तर ६५ ओलांडलेच. म्हणून ट्रेलर, ट्रक आणि डेक यांची लांबी कागदावर मांडूनच सिंगल करायचं की नाही ते ठरवा.

लायसन्सही बदलू शकतं. फेडरल मार्गदर्शनानुसार निव्वळ खासगी वापराच्या आरव्हीला सीडीएल, म्हणजे व्यावसायिक लायसन्स, लागत नाही, पण राज्य आपला खासगी वर्ग लावतं. टेक्ससमध्ये २६,००० पौंडांवरच्या एकट्या गाडीला नॉन-कमर्शियल क्लास बी आणि जोडी २६,००० च्या वर व ट्रेलर १०,००० च्या वर असेल तर क्लास ए. कॅलिफोर्नियात ४० फुटांपर्यंतची हाउस कार साध्या क्लास सीवर चालते, पण १५,००० पौंडांवरच्या फिफ्थ व्हीलला नॉन-कमर्शियल क्लास ए. साउथ डकोटात साधं लायसन्स पुरतं. परीक्षा त्याच वर्गाच्या गाडीत द्यावी लागते, म्हणजे आपली जोडी घेऊनच जायचं.

राज्य निवडताना

कायमचे फिरस्ते साउथ डकोटा, टेक्सस आणि फ्लोरिडा निवडतात. साउथ डकोटात एका रात्रीच्या मुक्कामाची पावती आणि टपालाचा पत्ता यावर रहिवास सिद्ध करता येतो आणि खरेदीवरचा एक्साइज ४ टक्के, टेक्ससचा विक्रीकर ६.२५ टक्के. पण ही सोय खरोखर फिरणाऱ्यांसाठी आहे. घर आणि नोकरी न्यू जर्सीत ठेवून गाडी साउथ डकोटाची असं करू नका. मोंटानात एलएलसी, म्हणजे कंपनी, काढून विक्रीकर वाचवण्याचा सल्लाही मिळतो; कॅलिफोर्नियासह अनेक राज्यं अशा गाड्यांच्या मागे लागतात आणि कर दंडासकट वसूल करतात. आपल्यातले जे व्हिसावर आहेत त्यांनी जास्त जपावं. पत्ता बदलला की दहा दिवसांत इमिग्रेशन खात्याचा एआर-११ फॉर्म भरावा लागतो, आणि एच-१बी तर कामाच्या ठिकाणाशी बांधलेला असतो. कागदोपत्री दुसऱ्या राज्यात राहायला जाणं तिथे बसत नाही.

खासगी म्हणजे खासगीच

आपला माल, मोबदला न घेता, धंद्यासाठी नसलेली वाहतूक, या अटींवर फेडरल नियमांतून सूट मिळते. जत्रेत विकायच्या वस्तू ट्रेलरमध्ये भरल्या, दारावर कंपनीचं नाव लावलं किंवा ट्रकचा खर्च करात धंद्याचा खर्च म्हणून दाखवला, की ही सूट राहत नाही. टायटलवर काहीही लिहिलेलं असलं तरी त्या दिवशी गाडी कमर्शियल ठरते आणि फेडरल परिवहन खात्याचा यूएसडीओटी नंबर, लॉगबुक, सीडीएल हे सगळं लागू होतं.

वजनकाट्यापाशी हीच बाब पुढे येते. बाहेरून ट्रक तो ट्रकच दिसतो. 'प्रायव्हेट मोटरहोम, नॉट फॉर हायर' अशी ठळक अक्षरं दोन्ही दारांवर लावल्याने बऱ्याचदा काम भागतं, पण मागून पोलिसांचा दिवा लागला तर थांबायचं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि सीटमागच्या कप्प्यात एकाच फोल्डरमध्ये रजिस्ट्रेशन, इन्शुरन्सचं कार्ड, वजनाच्या दोन्ही पावत्या, नोंदणीच्या राज्यातल्या व्याख्येचं पान आणि ट्रेलरचं वेगळं रजिस्ट्रेशन. अधिकाऱ्याने आत पाहायचं म्हटलं तर स्लीपरचं दार उघडून दाखवा.